मंगलीच्या बांधीतला दगड

कोणाचा नवरा दारूच्या मागं जाते, कोणाचा पत्त्याच्या. माहा नवरा दगडाच्या मागं गेला. गोंदियाले लागून असलेल्या आमच्या मुर्रीत दारासमोर पापड वाळवायले बाया जमल्या की मले विचारत, आज कोणत्या दगडाच्या लग्नाले गेले डिंपलचे बाबा? अन मीबी हसून म्हणायची, रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावते, तसं आहे आमचं. तेव्हा हसू येत होतं. आता कोणी हसलं तं मले राग येते.

त्यायचं नाव ईश्वरदास. गोंदियात त्यायले ईश्वर पेंटर म्हणत. एक काळ असा होता की बाजारातून चाललं तं दर दुसऱ्या दुकानावर त्यायचाच हात दिसायचा. साडी सेंटर, किराना भंडार, दातांचा दवाखाना, सगळं हिंदीत, ऐटीत, अन खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ईश्वर पेंटर, मुर्री’. लग्न झालं तेव्हा मले बाजारात फिरवून बायको कमी अन बोर्डच जास्त दाखवले त्यायनं. मंग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून येते, चेहऱ्यासकट. आमचे बोर्ड एकामागून एक उतरले, कोणाच्या गोठ्यावर झाकण झाले, कोणाच्या कोंबड्यायचं दार झाले. आता हे लोखंडी गेट रंगवतात, शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितात, देवळाचं काम आलं तं देऊळ रंगवतात. पण डोळा तोच. कोणाच्या घरी पंगतीले गेलो तं पत्रिकेतलं अक्षर वाकडं आहे म्हणून भाजी थंडी करणारा माणूस आहे तो. अन काम अर्धवट सोडायचं नाही, हा दुसरा हट्ट. गेटाचा आतला भाग कोणी पाहत नाही, तोही दोन हात मारतील.

वरची खोली आम्ही बिरसीच्या विमानाच्या शाळेत शिकणाऱ्या पोरीले दिली होती. आचल तिचं नाव, सोलापूरकडची. सकाळी विमान उडवायची अन संध्याकाळी माह्या हातची आंबील पिऊन पायऱ्यावर बसायची. तिनंच हा किडा सोडला. मोबाइलवर एक ॲप दाखवलं. जगभरचे लोक म्हणे कुठंकुठं डबे लपवतात, दुसरे लोक नकाशावरून ते शोधतात, अन सापडलं की फोटो टाकतात. काही जण तं डबेबी नाही, इंग्रजाच्या काळातले मोजणीचे दगड शोधतात. साऱ्या देशाची मोजणी केली तेव्हा जागोजागी दगड गाडले होते, त्यावर खूण कोरून. आता त्याले कोणी विचारत नाही. ती म्हणाली, काका, आपल्या जिल्ह्यातबी असतील. बस, झालं. त्या दिवसापासून रविवार आमचा नाही राहिला.

पहिला दगड दवनीवाड्याच्या रस्त्यालगत एका झुडपात सापडला. घरी आले तं पॅन्टीचे गुडघे मातीनं भरलेले, हाताले काटे लागलेले, अन तोंड असं की जशी आमची पोरगी डिंपल पहिल्या नंबरानं पास झाली. जेवायले बसेनात. मले सांगून राहिले की त्यावर इंग्रजी अक्षरं आहेत, छिन्नीनं कोरलेली, अन त्यातल्या ‘जी’चं पोट असं भरलेलं आहे की आजकालच्या मशीनले जमायचं नाही. म्हणाले, “ज्यानं कोरलं तो माणूस गेला, त्याले सांगणारा साहेब गेला, राज्य गेलं. अक्षर आहे तसंच आहे, सुशिला. माहं एकतरी राहिलं का?” उतरवलेले बोर्ड मीच तं पाहिले होते. त्या दिवसापासून मी रविवारी डबा भरून देऊ लागली अन बायायच्या टोमण्याले टोमणा देऊ लागली.

तं असे फिरता फिरता ते आमगावच्या पुढं, सालेकश्याच्या रस्त्याले लागले. तिकडं जंगल सुरू होते. रस्त्याच्या कडेले एक टोला आहे, मोजकीच घरं, गोंड लोकायची. तिथं पतिराम अन त्याची बायको मंगली राहतात. डिंपलच्या बाबाले नकाशात दगड दिसत होता पण जमिनीवर दिसेना, तं हे बांधीच्या, धानाच्या वावराच्या, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून इकडं तिकडं पाहत होते. मंगलीले वाटलं कोणी बिमार माणूस आहे, तिनं पाणी आणलं. काय शोधून राहिले म्हणून विचारलं. दगड म्हटल्यावर ती हसली अन धुऱ्याच्या कोपऱ्यातलं गवत बाजूले केलं. दगड तिथंच होता. पतिराम त्यावर विळ्याले धार लावायचा.

ही बांधी कशी आहे ते सांगितलं पाहिजे, कारण सारी गोष्ट तिचीच आहे. पतिरामच्या तीन बांध्या. दोन वरच्या अंगाले, मुरमाड, पाऊस मनासारखा पडला तं पिकतात, नाही तं नाही. तिसरी ही, बोडीच्या खालची. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. त्याचं पाणी पहिलं इथं येते. या एका बांधीतलं धान त्या दोघायचं वर्षभराचं खाणं. मंगली मले एकदा म्हणाली होती की वरच्या बांध्या नवऱ्याच्या आहेत, ही माही आहे. कागदावर तसं काही नाही, पण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तीच करायची, पाणी तीच पाहायची. दगड याच बांधीच्या कोपऱ्यात, रस्त्याले लागून.

दगडावरची अक्षरं, इथंबी तेच ‘जी’, विळा घासून घासून अर्धी गेली होती. खाली एक खूण होती, तीन रेघा एका जागी येऊन मिळालेल्या, बाणासारखी. फोटोत काही उठेना. यायच्या गाडीच्या डिक्कीत रंगाचा डबा होता. आमच्या मुर्रीच्या मारुतीचं देऊळ नुकतंच रंगवलं होतं, त्यातला उरलेला शेंदरी ऑइल पेंट. तो यायनं ब्रशनं त्या कोरीव रेघांत भरला. अक्षरं उठली. पण रंग थोडा खाली ओघळला. आता दुसरा कोणी असता तं फोटो काढून घरी आला असता. पण आमचा माणूस! ओघळ ठेवून जाईल का? ओघळ पुसला तं डाग पडला, डाग झाकायले सारा दगड रंगवला. वरून खालपर्यंत, दोन हात. फक्त तीन रेघा खोल असल्यानं काळसर दिसत राहिल्या.

घरी येऊन मले फोटो दाखवला. मी म्हटलं, अहो, तुम्ही या मातीत जन्मले ना? रस्त्याच्या कडेले उभा दगड शेंदरी करून कोणी सोडते का? वर त्रिशूळबी काढला. ते म्हणाले, त्रिशूळ नाही, बाण आहे, सरकारी खूण आहे. मी म्हटलं, ते तुम्हाले ठाऊक, रस्त्यानं जाणाऱ्याले कोण सांगन? हसले अन म्हणाले, तू टाके घाल, मी दगड पाहतो. माही शिलाईची मशीन, तिच्यावरून बोलले.

दिवाळी सरली, थंडी गेली. होळीच्या आधी पतिरामचा फोन आला. त्यानं एवढंच सांगितलं, “पेंटरभाऊ, तुमच्या दगडाले लोक नारळ फोडून राहिले. एकदा येऊन पाहून जा.” डिंपलच्या बाबाचा चेहरा उतरला. मलेबी घेऊन चला म्हटलं अन आम्ही दोघंही स्कूटीवर निघालो.

झालं होतं असं. टिकाराम म्हणून एक माणूस आहे, टोल्याच्या अलीकडच्या मोठ्या गावचा, ट्रॅक्टरवाला. त्याचा पोरगा मोनू मोटरसायकलनं जोरात येत होता, त्या कोपऱ्यावर गाडी घसरली अन पोरगा उडून मंगलीच्या बांधीत पडला. धान कापून लाखोळीची डाळ पेरली होती, बांधीत ओल होती. पोरगा चिखलात रुतला अन खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा मात्र चुरा झाला. डोळे उघडले तं समोर काय? शेंदरी दगड. पावसाळ्यापर्यंत तिथं काही नव्हतं अन आता देव. टिकाराम आला, पोराले छातीशी धरून दगडापुढं ढसाढसा रडला. वाचवलं चिखलानं, नाव झालं दगडाचं. पण बापाच्या मनाले कोण समजावन? मीबी आई आहे, मले त्याचा राग नाही आला.

आम्ही पोचलो तं बांबूले भगवा झेंडा, उदबत्त्यायचा धूर, नारळाच्या करवंट्या धुऱ्यावर पसरलेल्या. रस्त्यानं जाणारा ट्रकवाला थांबून हात जोडून जाऊन राहिला होता. मंगली आपल्या घराच्या पडवीत उभी होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, गोंधळ होता. तिनं विचारलं की भाऊ, तुम्ही तं सरकारी दगड म्हणाले होते, मंग हा देव कधी झाला? अन तिनं दाखवलं, लाखोळी पायानं तुडवून भुईसपाट झाली होती. ते चपला काढून बांधीत उतरले, तुडवलेले वेल हातानं उभे करून पाहू लागले. वेल उभे राहतात का कुठं? मी त्यायले हात धरून बाहेर काढलं.

आम्ही गेलो तो मंगळवार होता, अन त्याच दिवशी टिकारामनं गावातले लोक बोलावले होते, दगडाभोवती ओटा बांधायचा म्हणून. तिथं दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, तीन रेघा आहेत, त्रिशूळ आहे, महादेव आहे. दुसरे म्हणे, शेंदूर आहे, मारुती आहे. वाद रंगला होता. डिंपलचे बाबा मधात उभे झाले. मी त्यायले कधी चार लोकांत बोलताना पाहिलं नाही, त्या दिवशी पाहिलं. त्यायनं सारं खरं सांगितलं. हा मोजणीचा दगड आहे, मी शोधला, मी रंगवला, हा शेंदूर नाही, साधा ऑइल पेंट आहे, गेटाले लावतात तो. हात जोडून म्हणाले की या बाईची बांधी खराब होऊन राहिली, माह्या चुकीची शिक्षा तिले नका देऊ. मले वाटलं, आता यायले मारतात. मी पदर खोचून पुढंबी सरकली.

टिकारामनं हळूच विचारलं, रंग कुठला होता?

आता खोटं बोलावं ना माणसानं! पण यायले खोटं येतच नाही. म्हणाले, मुर्रीच्या मारुतीचं देऊळ रंगवलं, त्यातला उरलेला.

टिकाराम खाली बसला. वाकून यायच्या पायाले हात लावला अन बोलला, “म्हणजे मुर्रीचा मारुती तुमच्या हातानं इथं आला. माह्या मोनूसाठी आला.” बस. महादेववाले गप झाले. एका म्हातारीनं त्या वाळलेल्या ऑइल पेंटावर बोट घासून आमच्या यायच्या कपाळाले टिळा लावला; रंग काही लागला नाही, पण टिळा झाला. लोक मारुती करायले जातात अन माकड होते, इथं दगड रंगवला अन मारुती झाला. खरं सांगायले गेलो तं खरंच अंगावर आलं. पतिराम दूर येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली उभा होता. तो पाठ फिरवून घरात गेला.

मंग डिंपलच्या बाबाले झोप येईना. ओटा बांधायच्या आधी रंगच काढून टाकू, काळा दगड राहिला तं लोक विसरतील, असं त्यायच्या डोक्यात आलं. एका भर दुपारी, मंगळवार नाही, शनिवार नाही, असा दिवस पाहून थिनरची बाटली अन चिंध्या घेऊन गेले. मी मागं लागून गेली, एकट्याले जाऊ देणं म्हणजे आ बैल मुझे मार. यायनं घासायले सुरुवात केली. थिनर लागलं तं रंग पातळ होऊन खाली वाहू लागला, लाल लाल धारा. तेवढ्यात रस्त्यावर एक ऑटो थांबला, त्यातून चार बाया उतरल्या, अन पहिलीनं जे ओरडणं सुरू केलं बाप्पा! देवाले घाम फुटला, देव घामानं भिजला. यायनं सांगितलं, बाई, हे थिनर आहे, वास घ्या. तिनं वास घेतला अन म्हणाली, काय सुगंध आहे.

टिकाराम आला तं मले वाटलं, आता तरी चिडन. तो म्हणाला, स्नान घालून राहिले होते का भाऊ, सांगितलं असतं तं दूध आणलं असतं. चिंधी त्यायच्या हातातून आदरानं घेतली अन कपाळाले लावून खिशात ठेवली. शिव्या दिल्या असत्या, दोन थापडा मारल्या असत्या तं आमचं मन हलकं झालं असतं. सारे नमस्कार करून राहिले होते, अन नमस्कार करणाऱ्याशी भांडावं कसं? पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट झाली, घामाची गोष्ट आमगावपर्यंत गेली होती.

सरकारी हापिसातही गेलो, नाही असं नाही. दगड सरकारचा आहे, सरकारनंच आपला दगड सांभाळावा, असं यायचं म्हणणं. एकानं सांगितलं की आता मोजणी उपग्रहावरून होते, त्या दगडाचं काम नाही. दुसऱ्या साहेबानं चहा पाजला अन हसून म्हणाला, “दगड आमचा असन, पण देव आमचा नाही. त्याले हात लावायले मले सांगू नका.” मले असा राग आला की चहा तसाच ठेवून उठली. मानला तं देव, नाही तं दगड, असं म्हणतात. इथं मानणारे शंभर अन न मानणारा एकटा, तोही पेंटर. त्यायनं ॲपवरून तो दगड काढून टाकला. लोकायच्या डोक्यातून काढायचं बटन कुठं आहे?

हनुमान जयंतीले महाप्रसाद झाला. गाड्या ठेवायले जागा नव्हती तं टिकारामनं पतिरामले हात जोडून विचारलं की कोपऱ्यातली थोडी जागा देता का, देवासाठी. पतिराम काय म्हणन? टोल्यातलेच लोक खूश होते. रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या, त्याच्या सख्ख्या भावानं नारळाचं दुकान टाकलं. नाही म्हटलं असतं तं टोल्यातच बोलणं बंद झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ट्रॉलीनं मुरूम आला, कोपऱ्यात पसरला. मंग आणखी एक ट्रॉली, अन आणखी एक. पाऊस लागला तं मंगलीनं धुरा बांधून पाणी अडवलं. मंगळवारी लोकायले ओट्यापर्यंत जायले चिखल नको म्हणून कोणीतरी धुरा फोडला. तिनं परत बांधला. परत फुटला. भांडण नाही, शिवी नाही, प्रत्येक वेळी कोणीतरी माय म्हणून तिची माफी मागत होतं अन फावडं मारत होतं.

रोवण्याच्या दिवसांत मी गेली होती. तिचे पऱ्हे, धानाची रोपं, तयार होते, हिरवेगार, हातभर. बांधीत पाणी ठरत नव्हतं तं रोवणा करता येत नव्हता. रोज उठून ती पऱ्ह्यायजवळ जायची. ते पिवळे पडू लागले तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं उपटले, जुड्या बांधल्या अन शेजारणीले देऊन टाकल्या, फुकट गेल्यापेक्षा कोणाच्या तरी बांधीत लागले तं बरं म्हणून. मी रडली. ती नाही रडली. तिच्या घरामागं येनाचं मोठं झाड आहे, त्यात त्यायचा देव. त्याच्याकडं बोट दाखवून मले म्हणाली, “आमचा देव झाडात राहते, बाई. त्याले कोनाची बांधी लागत नाई.”

घरी आल्यावर मी हे सांगितलं तं डिंपलचे बाबा जेवले नाही. आचल तेव्हा शिकणं संपवून निघाली होती. जाताना तिनं विचारलं, काका, कितवा दगड झाला? त्यायनं तिले आशीर्वाद दिला, दगडाचं बोलले नाही. त्यानंतर रविवारी ते घरीच बसू लागले. वरून शाळेचं विमान गेलं तरी मान वर करत नाही. बाया विचारत नाहीत आता, त्यायलेबी समजलं. मी डबा भरून पाहिला एका रविवारी, जा कुठं तरी फिरून या म्हटलं. डबा तसाच संध्याकाळी मी गाईले घातला.

दसऱ्याच्या आधी टिकाराम आमच्या घरी आला, मिठाई घेऊन. टिनाचं शेड झालं होतं, आता वर नाव लिहायचं होतं, स्वयंभू हनुमान देवस्थान. त्यायच्याशिवाय कोण लिहिणार, असं त्याचं म्हणणं. आपल्या हातानं रंगवलेल्या दगडाले आपल्याच हातानं स्वयंभू लिहायचं! कितीतरी वर्षांनी कोणी बोर्ड लिहायले बोलावत होतं, अन तो असा. यायनं हात जोडून नाही म्हटलं अन विनवणी केली की मुरूम तेवढा काढा, रस्ता दुसऱ्या अंगानं काढा, मंगलीची बांधी तिले द्या. टिकारामनं साऱ्याले हो म्हटलं. मनापासून म्हटलं असन, माणूस वाईट नाही. पण समितीत विचारतो म्हणाला, अन समिती म्हणजे कोण, हे कोणाले ठाऊक नाही.

काही दिवसांनी आमगावच्या चौकात विजेच्या खांबावर फ्लेक्स लागलेला दिसला. मारुतीचा फोटो, बाजूले टिकारामचा, अन खाली गोल चौकटीत आमचे हे. प्रथम भक्त ईश्वरदासजी पेंटर. फ्लेक्सवर! स्कूटी थांबवून ते त्याकडं पाहत राहिले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, पेंटरमधलं टिंब कुठं दिलं पाहा. मंग रस्त्याच्या कडेलेच बसले अन लहान पोरासारखे रडले. माह्या लग्नाले एवढी वर्षं झाली, मी त्यायले रडताना पाहिलं नव्हतं. येणारे जाणारे फोटोकडं पाहत अन त्यायच्याकडं पाहत, अन काही जणायनं हातबी जोडले.

आता शेवटचं सांगते. या हिवाळ्यात पतिराम बिमार होता, त्याले पाहायले आम्ही गेलो. नेमका मंगळवार होता, हे ध्यानात नव्हतं. बांधीत धान नव्हतं, मोटारसायकली उभ्या होत्या. पतिराम खाटेवर पडून होता. मंगलीनं आम्हाले चहा दिला, आमच्याजवळ जमिनीवर बसली. मंग तिनं डिंपलच्या बाबाले म्हटलं, “भाऊ, मी लय दिवसापासून विचार करून राहिली. आमचं तो आईकनार नाई, आमची त्याची वळख नाई. त्याले इथं तुम्ही आनलं. तुम्हीच त्याले सांगा ना, मंगलीची बांधी सोड म्हना.”

मी तिच्याकडं पाहिलं. वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. तिनं पदरात बांधलेला नारळ काढून त्यायच्या हातात दिला. टिकारामच्या समितीनं काही केलं नाही, साहेबानं केलं नाही, आम्ही तं काहीच करू शकलो नाही. एकच दार राहिलं होतं, अन त्या दाराची ओळख तिच्या मते फक्त आमच्या यायले होती. त्यायनं माह्याकडं पाहिलं.

ते उठले. चपला पडवीत काढल्या अन मुरमावरून अनवाणी गेले. लोकायनं ओळखलं, वाट करून दिली. मी अन मंगली मागं उभ्या होतो. दगडावर शेंदराचा असा थर चढला होता की रेघा नाही, अक्षर नाही, ते ‘जी’चं पोट नाही, काहीच दिसत नव्हतं. चांदीचे डोळे बसवले होते. ज्या माणसानं तो दगड अक्षरासाठी शोधला, तो त्याच्यासमोर उभा झाला, नारळ ठेवला, हात जोडले अन मोठ्यानं, साऱ्यायले ऐकू जाईन असं म्हणाला, “मंगलीची बांधी सोड. मी तुह्या पाया पडतो.” अन खरंच पडले, कपाळ टेकवून. मागच्या लोकायले वाटलं देव अंगात आला. त्यायनं घंटा वाजवायले सुरुवात केली, जय म्हणू लागले, टिकारामनं डोळे पुसले. कोणीबी मंगलीकडं वळून पाहिलं नाही.

ते परत आले तं कपाळाले शेंदूर लागला होता. मंगली त्यायच्या तोंडाकडं पाहत होती. तिनं विचारलं, “काय म्हनला?”

माह्या नवऱ्याले खोटं येत नाही, हे मी आधीच सांगितलं. ते म्हणाले, “आईकलं नसन त्यानं. गर्दी लय होती.”

मंगलीनं मान हलवली, जसं काही हे तिले पटलं. पडवीतल्या त्यायच्या चपला उचलून तिनं त्यायच्या पायाजवळ ठेवल्या अन म्हणाली, “मंग मंगळवार सोडून येजा भाऊ.”